शेठ वाईट नाहीत, पण मला नको आहेत

पत्र लिहिणारी मुलगी २६ वर्षांची, बी.कॉम. झालेली. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू फॅक्टरीत तीन वर्षं हिशेब बघते. फॅक्टरीत चाळीसेक माणसं, बहुतेक बायका. मालक ४३ वर्षांचे, घटस्फोटित, पंचक्रोशीत चांगलं नाव असलेले. तिच्या भावाने रिक्षासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं तेव्हा जामीन राहिले ते हेच. गेल्या गणपतीनंतर रात्री साडेदहाला ‘जेवलीस का?’ असे मेसेज यायला लागले. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा पुडा मिळाला, हिला साडी. शेवटची एसटी चुकली की ते गाडीतून घरी सोडू लागले. मार्चमध्ये मालाच्या कामासाठी गोव्याला नेलं आणि येताना गाडीत म्हणाले, ‘माझा विचार कर. घाई नाही. पुढे हे सगळं तुलाच बघायचं आहे.’ ती म्हणाली, ‘मी अजून तसा काही विचार केलेला नाही.’ त्यानंतर तिचं टेबल त्यांच्या केबिनमध्ये हललं. बायका कुजबुजतात. आई पूर्वी याच फॅक्टरीत काजू सोलायला जायची. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘चलान इलेला स्थळ कोण सोडता गो?’ मुलगी विचारते: ‘त्यांनी कधी हातसुद्धा लावलेला नाही. मग तक्रार कशाची करू? माझंच काही चुकलं का? त्यांना न दुखावता नाही कसं म्हणू? आणि साडी परत करू का?’ (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

*

‘मला त्यांच्याशी लग्न करायचं नाही’ हे वाक्य तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात एकदाच येतं, तेही तिसऱ्या पानावर. त्याच्या आधी आणि नंतर शेठ किती चांगले आहेत याचीच उजळणी आहे. ते आवाज चढवत नाहीत, कामगारांच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचं बघतात, वडिलांच्या आजारपणात गाडी पाठवली होती. वाचताना असं वाटलं की नाही म्हणायचं तर आधी त्यांचा एखादा गुन्हा सापडायला हवा, अशी तुझी समजूत झाली आहे आणि तो सापडत नाही म्हणून तू अडकून पडली आहेस.

गुन्हा सापडायची गरज नाही. माणूस चांगला असतो आणि तरी आपल्याला नको असतो. एवढं कारण पुरतं.

आई म्हणते तसं हे स्थळ आहे असं घटकाभर धरून चालू. आपल्याकडे स्थळ नाकारायच्या किती सोयी करून ठेवल्या आहेत बघ. पत्रिका जुळत नाही, मुलगी इतक्यात लग्नाचं म्हणत नाही, मुंबईच्या मामांना विचारून कळवतो म्हणायचं आणि मग कोणी काही कळवत नाही. दोन्ही घरं काय ते समजतात आणि पुढच्या जत्रेत समोरासमोर आली तर बोलतातही. नकार दिला म्हणून पहिल्या तारखेचा पगार थांबत नाही, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याच माणसासमोर वही उघडून बसावं लागत नाही. तुझ्याकडे यातली एकही सोय नाही. मागणी घालणारा आणि पगार देणारा एकच. ‘पुढे हे सगळं तुलाच बघायचं आहे’ हे ते प्रेमानेच म्हणाले असतील, मी शंका घेत नाही. पण त्या एका वाक्यात मागणीही आहे आणि बढतीही, आणि एक नाकारली तर दुसरीचं काय होणार हे तुला विचारता येत नाही. अवघडलेपण येतं ते इथून. त्यासाठी शेठना खलनायक ठरवायला नको.

आता ‘माझंच काही चुकलं का?’ गाडीत बसलीस कारण शेवटची एसटी गेल्यावर त्या रस्त्याला दुसरं काही नसतं. मेसेजला उत्तर दिलंस कारण मालकाचा मेसेज होता. त्यांच्या बोलण्यावर हसलीस म्हणतेस, तर मालकाच्या विनोदाला सगळी फॅक्टरी हसत असते. त्या सगळ्याजणींच्या मनात काही आहे असं त्यांना वाटतं का? नोकरीत माणूस जे सौजन्य दाखवतो त्याचा अर्थ काढताना समोरच्याने सांभाळून काढायचा असतो, आणि ज्याच्या हातात पगार आहे त्याने तर जास्तच.

मात्र मार्चमध्ये तू जे उत्तर दिलंस ते एकदा त्यांच्या बाजूने ऐकून बघ. बंद गाडी, रस्त्यात दुसरं कोणी नाही, अशा वेळी तोंडातून जे निघालं ते निघालं, त्यात तुझा दोष काही नाही. पण ज्याला आशा आहे तो ते ‘थांबा’ असंच ऐकणार. ते थांबले आहेत. दरम्यान टेबल केबिनमध्ये गेलं, म्हणजे थांबता थांबता एक पाऊल पुढेही आले. नकार तुझ्या मनात पक्का आहे, त्यांच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही. ते काम राहिलंय.

‘न दुखावता’ हा हट्ट आधी सोड. त्यांना वाईट वाटणारच. अपमान होणार नाही एवढं तू बघायचं, त्यांच्या मनाचं ते बघतील. ४३ वर्षांचा, फॅक्टरी चालवणारा माणूस आहे, नकार पचवायला शिकलेला असायला हवा.

हे बोलणं गाडीत करू नकोस, रात्री फोनवर तर नाहीच. कामाच्या वेळात, दुपारी, ग्रेडिंगच्या टेबलावर बायका बसलेल्या असताना, केबिनचं दार उघडं ठेवून, उभ्याउभ्या बोल. फार बोलायचं नाही. ‘सर, मार्चमध्ये तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. माझं उत्तर नाही असं आहे, ते बदलणार नाही. मला इथे काम करायचं आहे, पण कामापुरतंच. रात्रीचे मेसेज आणि गाडीतून सोडणं आता नको.’ एवढं सांगायचं आणि बाहेर यायचं. त्याच दिवशी, दिवसाउजेडी, हेच चार ओळींत मेसेज करून पाठवायचं: ‘आज बोलले त्याप्रमाणे…’ समोर उभं राहून बोलायची हिंमत होत नसेल किंवा भीती वाटत असेल तर नुसता मेसेज पाठवलास तरी चालेल. लेखी असणं महत्त्वाचं. का, ते पुढे सांगते.

कारणं देऊ नकोस. वयाचं अंतर म्हणालीस तर ते ‘मी काय म्हातारा आहे?’ म्हणतील. घरचे तयार नाहीत म्हणालीस तर शेठ संध्याकाळी तुमच्या खळ्यात येऊन बसतील आणि आई चहा ठेवील. कारण दिलं की ते दूर करता येतं, मग पुढचं कारण शोधत बसावं लागतं. ‘माझं दुसरीकडे जमलंय’ ही थाप तर मुळीच नको. आपल्या गावांत ती आठवडा टिकायची नाही. शिवाय तुझा नकार खरा धरायला दुसरा पुरुष कशाला उभा करायचा?

आणखी एक तोडगा आपल्याकडे सर्रास सुचवला जातो, तुलाही कोणीतरी सुचवेलच: राखी बांध, ‘दादा’ म्हणायला लाग. मला तो पटत नाही. ज्याला हिंट घ्यायची असते तो त्याच्याआधीच घेतो. ज्याला घ्यायची नसते त्याला रात्री फोन करायला ‘दादा’ हे उलट हक्काचं निमित्त मिळतं. तू त्यांची हिशेबनीस आहेस. नातं एवढंच असू दे.

टेबलाचं वेगळं माग, तेही कामाचं कारण देऊन. बी येते ती काट्यावर, वजनाच्या पावत्या बाहेर फाटतात, मग हिशेबाचं टेबल बाहेर असणंच सोयीचं नाही का? कामाच्या गोष्टीला कामाचं कारण जरूर द्यावं. गोव्याला जायचंच असेल तर तिसरं माणूस बरोबर हवं. साडी कपाटात राहू दे. आता परत करायला गेलीस तर नवा प्रसंग उभा राहील आणि चार लोकांना बोलायला विषय मिळेल. यापुढे मात्र सगळ्यांना मिळतं तेवढंच घ्यायचं.

आईकडे वळते, कारण मला वाटतं शेठपेक्षा ती तुला जड जाणार आहे. तिच्यावर चिडू नकोस. जिने वर्षानुवर्षं चिकाने बोटं काळी करून घेतली, तिला लेक त्या फॅक्टरीची मालकीण होताना दिसते आहे. ते स्वप्न वाईट नाही, फक्त ते तिचं आहे. तिच्याशी भांडण्यापेक्षा एक प्रश्न विचार: ‘हाच माणूस दुसऱ्या गावचा असता, आपल्यावर त्याचे उपकार नसते, तर तू माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठं स्थळ बघितलं असतंस का?’ तिला उत्तर द्यायला वेळ लागला तर लागू दे. पण एक गोष्ट तिच्याकडून कबूल करून घे, तुझ्या वतीने तिने शेठशी एक शब्दही बोलायचा नाही. तू दुपारी नाही म्हणालीस आणि संध्याकाळी बाजारात आई ‘पोरगी लाजता हा, जरा थांबा’ म्हणाली, तर तुझ्या नकाराला काही किंमत राहणार नाही.

आईला खरी धास्ती कर्जाची आहे, तुलाही. ती निम्मी तरी कमी करता येईल. पतसंस्थेने कर्ज दिलं, रिक्षा घरी आली, हप्ते सुरू झाले. आता जामीनदाराला मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही. संस्थेने मान्य करून दुसरा जामीनदार घेतला तरच ते मोकळे होतात. म्हणजे उद्या रागाने ‘मी जामिनकी काढून घेतो’ म्हणाले तरी दारातली रिक्षा कोणी नेत नाही, हप्ते वेळेवर जातायत तोवर तर नाहीच. तेव्हा भावाला सांग, या काळात एकही हप्ता चुकवू नकोस. जमलं तर ओळखीतला दुसरा जामीनदार आधीच बघून ठेवा. वडिलांच्या वेळच्या गाडीचं म्हणशील, तर त्या उपकाराची जाण ठेवावी, त्यांच्या घरी अडीअडचण आली की धावून जावं. त्याची फेड लग्नाने करायची नसते.

नाही म्हटल्यावर काय होईल? तू लिहिलंयस तसे ते खरंच असतील तर चार दिवस तोंड फिरवतील, नजर टाळतील आणि मग गाडी रुळावर येईल. तेवढा अवघडलेपणा सोसावा. किंवा गोड बोलणं थांबेल आणि हिशेबात चुका निघायला लागतील, रजा नाकारल्या जातील, पगारवाढीच्या यादीत तुझं नाव नसेल. किंवा काहीच न ऐकल्यासारखं रात्री साडेदहाला पुन्हा ‘जेवलीस का?’ येईल. शेठ कसे आहेत हे तुला तेव्हा कळेल, आज नाही. आजपर्यंत त्यांना कोणी नाही म्हटलेलंच नाही.

पुढची तयारी तोवर शांतपणे करून ठेव. कोणतेही मेसेज पुसू नकोस. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढ आणि आपल्याच फोनवर न ठेवता स्वतःच्या ईमेलवर पाठव. एका वहीत तारीख, वेळ, काय बोलणं झालं, जवळपास कोण होतं, एवढं दोन ओळींत लिहीत जा. फॅक्टरीतल्या एका जाणत्या, तोंडाला कुलूप असलेल्या बाईला विश्वासात घे. कुजबुजीवर तोच उतारा आहे. शिवाय तुझ्याआधी त्या टेबलावर कोणी होती का आणि ती का गेली, हेही तिला ठाऊक असण्याची शक्यता असते.

कायद्याबद्दल तू विचारलंस ते सरळ सांगते. एकदा सभ्यपणे विचारलं, एवढ्यावर बहुधा छळ ठरणार नाही. पण कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा हात लावण्यापुरता नाही. नकोसं बोलणं-वागणंही त्यात येतं आणि त्याच्या जोडीला बढतीचं आमिष किंवा नोकरीची भीती, उघड नव्हे तर नुसती सूचित केलेलीसुद्धा, कायदा मोजतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ तर असं आहे की बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुष जवळीक साधायला वारंवार तिच्या मागे राहिला, संपर्क करत राहिला, तर तो गुन्हा आहे. नकार स्पष्ट आणि लेखी हवा म्हणाले तो यासाठी.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. तुमच्या फॅक्टरीत ती असेल किंवा भिंतीवरच्या कागदापुरतीच असेल. पण तुला तिच्याकडे जायचंच नाही. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालकाने नेमलेल्या बायकांनी मालकाची चौकशी कशी करायची, हे कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं. सिंधुदुर्गात त्यासाठी ओरोसला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी कर. तालुक्याला नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याकडे तक्रार दिली तर त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि ती चालू असताना तू लेखी मागितलंस तर तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस होऊ शकते, तुझ्या हक्काच्या रजेला हात न लावता. तक्रारदाराचं नाव बाहेर फोडायला बंदी आहे, माहितीच्या अधिकारातही ते देता येत नाही. ‘सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल’ ही भीती घालणारे पुष्कळ भेटतील. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. तक्रार लिहायला मदत हवी तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि कधी धोका वाटला तर सरळ ११२.

हे सगळं शहरातल्या काचेच्या ऑफिसांसाठी आहे असं तुला वाटत असेल. याचं मूळ राजस्थानातल्या एका खेड्यात आहे. भंवरीदेवी ही गावपातळीवर काम करणारी साथिन. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि सोळा वर्षांनी कायदा आला. तारकर्लीच्या चार खोल्यांच्या होमस्टेमधली, दापोलीच्या रिसॉर्टमधली, रत्नागिरीच्या मासळी कारखान्यात रोजंदारीवर जाणारी, डॉक्टरच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारी, घरकामाला जाणारी, सगळ्या यात येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर त्यांनीही थेट स्थानिक समितीकडेच जायचं. पगार हातात रोख मिळतो, नेमणुकीची ऑर्डर नाही, म्हणून आपल्याला कायदा नाही असं समजू नका.

हे सदर मालकही वाचतात, म्हणून त्यांना एक. आपल्याकडे कामाला असलेल्या बाईत जीव गुंतू शकतो, माणूस आहे. पण विचारण्याआधी स्वतःला विचारा की तिला काहीही न गमावता नाही म्हणता येईल का. येत नसेल तर गप्प बसा. ‘घाई नाही’ म्हणणं म्हणजे मोकळीक देणं नव्हे. तिला रोज सकाळी तुमच्यासमोर येऊन बसायचं असतं.

शेवटी नोकरीचं. रागाने राजीनामा देऊ नकोस आणि ‘आता मीच सोडून जाते, प्रश्न मिटेल’ असंही म्हणू नकोस. मात्र दुसरं दार उघडं असलं की नाही म्हणताना आवाज कापत नाही, म्हणून शोध आजच सुरू कर. तीन वर्षं फॅक्टरीचे हिशेब, जीएसटी, कामगारांची हजेरी सांभाळलेली मुलगी कुडाळच्या एमआयडीसीत, सावंतवाडीच्या दुकानांत, पतसंस्थांत चालते. गोव्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्या बाजूलाही आपल्याकडची मुलं रोज ये-जा करतात. अनुभवाचं पत्र बोलणं व्हायच्या आधी मागून घे, बँकेची परीक्षा द्यायची आहे म्हणून. आणि बँकेची परीक्षा दे सुद्धा, म्हणजे थापही होणार नाही. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा क्रमांक) आणि आजवरच्या पगाराच्या पावत्या घरी आणून ठेव. शोधायला लांब जायला नको, फाइल तुझ्याच ड्रॉवरमध्ये असेल.